पहिल्या चिकाचे मोल

'घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने' ही म्हण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. ही म्हण रचणाऱ्याने घोडीच्या मागे धावणारे शिंगरू बारकाईने निरखले असले पाहिजे, अशी आमची खात्री मात्र पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर झाली. तेथे आमचा भाचा पशुवैद्य आहे. त्याच्या आग्रहामुळे आम्ही सुट्ट्यांमध्ये तेथे अनेकदा राहिलो, आणि शर्यतीच्या घोड्याचा जन्म नि बालपण जवळून पाहण्याचा योग आला.

आम्हां बडोदेकरांना हा विषय अगदीच परका नाही. १९४३ साली मुंबईत झालेली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी बडोद्याच्या महाराजांची होती. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडात एक वर्ष वयाचे एक शिंगरू २८,००० गिनींना घेतले. त्या काळी तिकडे ही किंमत म्हणजे उच्चांक होता. त्याचा सख्खा भाऊ दान्ते याने त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकली होती. महाराजांनी नव्या घोड्यास आपल्या आजोबांचे, सयाजीरावांचे नाव दिले, आणि त्या 'सयाजीराव'ने १९४७ साली आयरिश डर्बी व सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकून ते नाव राखले.

या घोड्यांच्या जातीला थरोब्रेड म्हणतात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा जाऊन पोहोचते. १७९१ पासून छापील वंशावळ ठेवली गेली आहे. आपल्याकडे लग्न जुळविताना कुळी पाहतात, त्याहून कडक पाहणी येथे होते. कृत्रिम रेतनास या जातीत मज्जाव आहे. प्रत्यक्ष संयोगातून जन्मलेल्या शिंगराचीच वंशग्रंथात नोंद होते.

परंतु एवढी कुळी पाहूनही निश्चिती कशाची? नॉर्दर्न डान्सर नावाचा ठेंगणा घोडा एक वर्षाचा असताना त्याच्या मालकाने २५,००० डॉलर किंमत सांगितली, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही. त्याच घोड्याने १९६४ साली केंटकी डर्बी जिंकली. पुढे १९८३ साली त्याचाच एक मुलगा १ कोटी २ लाख डॉलरना विकला गेला. हे महाराज एकही शर्यत धावले नाहीत, आणि पुढे वंशवाढीच्या कामीही जवळजवळ निरुपयोगी ठरले. बापाला घ्यायला कोणी नाही आणि मुलासाठी झुंबड, असा हा न्याय.

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. उत्तर गोलार्धात जन्मलेल्या सर्व थरोब्रेडांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीस धरतात. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेले शिंगरू दुसऱ्या दिवशी एक वर्षाचे! म्हणून घोडी वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत विणे इष्ट. निसर्गतः घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. यासाठी थंड देशांत ऐन हिवाळ्यात तबेल्यात रात्रीही दिवे लावून तिला खोटा उन्हाळा दाखवितात. जुळे मात्र येथे आनंदाची बातमी नसते. दोन गर्भ पोसणे घोडीस सहसा झेपत नाही आणि बहुधा दोन्ही गमवावे लागतात. म्हणून सोनोग्राफीत दिसताच पहिल्या काही दिवसांत एक गर्भ काढून टाकतात.

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब साकळले, की मोतद्दार झोपेची आशा सोडतो. शिंगरू बाहेर पडले, की तीन आकडे पाहावयाचे: एका तासात ते उभे राहिले पाहिजे, दोन तासांत कासेला लागले पाहिजे, आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. नवजात शिंगराच्या खुरांवर मऊ, लोंबते आवरण असते. आईच्या पोटाला आतून इजा होऊ नये ही त्यातील योजना. चालू लागताच ते झिजून जाते.

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही तेथे असताना एक घोडी विण्याच्या दोन दिवस आधीपासून पान्हा गाळू लागली. आम्हांस ते शुभलक्षण वाटले, पण भाच्याचा चेहरा उतरला. त्याने सांगितले ते असे. मानवी अर्भकास आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच मिळतात. घोडीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते, आणि त्याची सारी शस्त्रे आईच्या पहिल्या चिकात असतात. तीही आतड्यांतून रक्तात जाण्याची वाट जेमतेम चोवीस तास उघडी असते, आणि पहिल्या काही तासांनंतर ती झपाट्याने अरुंद होत जाते. ज्या चिकाचा आपण वेलदोडे घालून खरवस करतो, त्यावर एका जिवाचे सारे भवितव्य अवलंबून असते, हे आम्ही तोवर मनात आणले नव्हते.

त्या रात्री दोनच्या सुमारास बदामी रंगाचे शिंगरू जन्मले. चारी पाय चार दिशांना टाकीत ते तीनदा कोसळले आणि चौथ्यांदा उभे राहिले. आमच्या तोंडून नकळत "शाबास!" निघून गेले. भाचा म्हणाला, "मामा, आता शिंगराकडे नको, घड्याळाकडे बघा." त्याने कास पिळून पाहिली. दाट, पिवळा, चिकट चीक यावयाचा, तेथे पांढरे पातळ दूध आले. असल्या प्रसंगासाठी दुसऱ्या घोड्यांचा जादा चीक काढून गोठवून ठेवलेला असतो. तो कोमट पाण्यातच वितळवावयाचा. तरुण मदतनीस घाईने कढत पाणी घेऊन आला, तेव्हा म्हातारा मोतद्दार म्हणाला, "अरे, त्याचा खरवस करतोस काय?" शिंगराने बाटली चोखली नाही. शेवटी नाकपुडीतून नळी घालून चीक थेट पोटात पोहोचविला. तासातासाने पुन्हा थोडा. पहाटेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या रात्री रक्त तपासले, तेव्हा प्रतिकारक द्रव्ये हवी त्याच्या निम्मीच आढळली. मग धडधाकट घोड्याच्या रक्तातील रस, म्हणजे प्लाझ्मा, शिरेतून देण्यात आला. तिसऱ्या दिवशी ते शिंगरू आईभोवती बागडत होते.

जगले म्हणजे वाढले असे नव्हे. पहिल्या महिन्यांत शिंगरू रोज किलोभराहून अधिक वाढते. चंदी जास्त झाली तर हाडांचे सांधे सुजतात, कमी पडली तर अंग भरत नाही. पाय वाकडे पडू लागले तर खूर तासून नालबंदाने वेळीच सावरावे लागतात. हाडे पक्की झाल्यावर उपाय राहत नाही. धुळीच्या मैदानात मातीतल्या जंतूंमुळे एक ते चार महिन्यांच्या शिंगरांच्या फुप्फुसांत गळवे होतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात दूध तोडतात, तेही एकदम नव्हे. कुरणातून एकेक-दोनदोन आया हलवीत नेतात. त्या रात्री शिंगरे ओरडतात, आणि दूरच्या तबेल्यातून घोड्या उत्तर देतात. आम्ही ते ऐकले आहे. म्हणीतील हेलपाट्यांचा अर्थ अशा वेळी नव्याने उमगतो.

वाचक विचारतील, त्या बदामी शिंगराने पुढे किती करंडक मिळविले? एकही नाही. चार-पाच शर्यती तो धावला आणि कधी पुढच्या तिघांत आला नाही. आज तो एका रायडिंग स्कूलमध्ये लहान मुलांना पाठीवर घेऊन शांतपणे फिरतो. मालकाच्या हिशेबात हा तोटा. मोतद्दार मात्र अजूनही त्याची खुशाली विचारतो.

आणि तोट्याचा हिशेब तरी कोणत्या वहीत मांडावा? पुण्याच्या पूनावाला घराण्याने १९४६ साली स्टड फार्म सुरू केला. तेथील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. धनुर्वाताची लस टोचून त्या घोड्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून तेथे औषध बनत असे. यातूनच आपण स्वतः ते का बनवू नये हा विचार सायरस पूनावाला यांना सुचला, आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर्पदंशावरचे औषधही आपल्या देशात घोड्याच्याच रक्तापासून होते. शिंगराला पहिल्या रात्री चिकातून जे मिळावे लागते, त्याच जातीचे द्रव्य पुढे घोडा माणसाला देतो. शर्यतीच्या निकालपत्रकात त्याची नोंद होत नाही, इतकेच.

शाळेच्या प्रवेशपुस्तकात आम्हीही मुलाचे नाव, वडिलांचे नाव नि कुळी लिहितो. त्यातले कोणते मूल पुढे कोणत्या मैदानात धावेल हे त्या पुस्तकावरून आम्हांस कधी सांगता आले नाही. वेळेवर काय द्यावयाचे, एवढेच आपल्या हाती असते.