पटाशी, रंधा आणि सुप्याची फळी

पन्नाशी ओलांडली की आमच्याकडची माणसे सहसा दोन वाटांनी जातात. काही देवळाच्या कमिटीवर जातात, काही डॉक्टरांच्या औषधांवर. मला तिसरी वाट सापडली ती सुतारकामाची. मराठीचा एम.ए., हायस्कूलचा मुख्याध्यापक, आणि हाती रंधा! गावाची चार दिवस चांगली करमणूक झाली.

कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. आमचे मूळ घर सुप्याचे. काळी नदीवरचे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले, सुपे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. घर मोडताना वडिलांनी वासे, दारे, चौकटी जपून उतरवून घेतल्या. ‘पैसे खर्च होतील, लाकूड राहील,’ असे ते म्हणत. ते लाकूड गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिले. वडील गेल्यावर जुन्या लाकडाचा व्यापारी दारात आला. धाकट्या भावाचे म्हणणे, वाळवी लागण्याआधी देऊन टाकू. व्यवहाराने ते खरेच होते. मी सहा महिन्यांची मुदत मागितली. तेवढ्यात त्यातली एक तरी वस्तू माझ्या हाताने करून दाखवायची, नाही तर सगळे विकायचे, असे ठरले.

नवशिक्याला पहिला मोह होतो तो पेटीभर हत्यारांचा. गावातले म्हातारे मेस्त्री मात्र म्हणाले, “मास्तर, पेटी नको. आधी मापायचं घ्या, मग कापायचं.” त्यांच्या सांगण्यावरून यादी झाली ती अशी: टेप, काटकोन पाहायला गुण्या, पाठीवर पोलादी पट्टी असलेली बारा इंची बारीक दातांची करवत, पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या, लाकडी मोगरी, एक रंधा आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारा धारेचा दगड. बस्स. विजेवर चालणारी यंत्रे मुद्दामच टाळली. एक तर आमच्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. आणि यंत्राची चूक क्षणात बोटावर येते, हाताची चूक लाकडावर थांबते.

खरेदीला दांडेलीला गेलो. तिथे ‘पटाशी’ म्हटल्यावर दुकानातला मुलगा नुसता बघत राहिला. ‘उळी’ म्हणताच त्याने खोका काढला. करवतीला ‘गरगस’, हातोडीला ‘सुत्तिगे’, सुताराला ‘बडगी’. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्याने हत्यारेही दोन्ही भाषांत ओळखावीत. घेताना दोन गोष्टी पाहाव्या. पटाशीची मागची बाजू सपाट हवी आणि मूठ तळहातात नीट बसायला हवी. करवत डोळ्यासमोर धरून पाते सरळ आहे ना, ते पाहावे. बाजारातली बहुतेक करवत ढकलताना कापते. जपानी करवत मात्र ओढताना कापते, त्यामुळे पाते ताणलेले राहते आणि ते पातळ ठेवता येते. माणसे एकाच कामाला किती उलटसुलट वाटांनी जातात!

पहिला महिना मी काही केले नाही, फक्त धार लावली. पटाशीची उतरती बाजू साधारण २५ अंशांत घासायची आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार द्यायची. “हत्यार दुकानात मिळतं, धार मिळत नाही,” हे मेस्त्रींचे नेहमीचे वाक्य.

आता लाकूड. आमच्याभोवती साग, शिसव, किंजळ, ऐन यांचे रान आहे. पण त्यातला मोठा भाग २००७ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१५ पासून त्याला ‘काळी’ हेच नाव आहे. तिथल्या झाडाला हात लावायचा नाही. छंदापुरते लाकूड हवे तर जुन्या घराचे उत्तम. ओल्या फळीला सुकायला जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष लागते असा ठोकताळा आहे; आमचे लाकूड तर कित्येक दशके सुकलेले. फक्त आत मोडलेले खिळे असतात. रंध्याचे पाते जपायचे तर आधी लोहचुंबक फिरवावे.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. त्याच्याही आधी, १८६६ साली, फिनलंडने शाळेत हस्तकामाला जागा दिली. हे मी बी.एड.ला पाठ केले होते. त्याचा अर्थ आत्ता कळला. वर्गात चुकीचे उत्तर खोडता येते. लाकडात चुकीचा काप तसाच राहतो, म्हणून माणूस कापण्यापूर्वी दोनदा मापतो.

वस्तू ठरवली ती पाट. दिसायला सोपी, पण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खालच्या पट्ट्या घट्ट ठोकल्या तर फळी चिरते. म्हणून त्या खाचेत सरकत्या बसवाव्या लागतात. ती खाच साधायला मला पाच आठवडे लागले. फळी घेतली होती एका दाराची. तिच्यावर कडी हलून हलून अर्धगोल चर पडला होता. मेस्त्री म्हणाले, रंधा मारा, जाईल. मी तेवढा भाग सोडून रंधा मारला.

पाट पुरा झाला तेव्हा मुदतीचे अकरा दिवस उरले होते. आईचे वय आता ऐंशीच्या पुढे, दिसते कमी. पाटावर बसताना तिचा हात त्या चरावर गेला. म्हणाली, “माजघराच्या दाराची कडी. तुझे बाबा रात्री आले की वाजायची.” भाऊ शेजारीच उभा होता. व्यापाऱ्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. उलट पुढच्या रविवारी आला तो, पाव इंची पटाशी कुठे मिळते, हे विचारत.

माळ्यावर अजून सात वासे आणि एक चौकट आहे. चौकटीचे काय करावे यावर आम्हा भावांचे अजून एकमत झालेले नाही. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे काही पडून असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात देण्याआधी एकदा खाली उतरवून पुसून पाहा.