१२७ अंश

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणक गेल्या उन्हाळ्यात चालता चालता बंद पडू लागला. बाप्तिस्मा व विवाह यांच्या जुन्या नोंदवह्या त्यात उतरवून घेण्याचे काम चालले होते. पान अर्धे व्हावे आणि पडदा काळा पडावा, असा प्रकार. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "फादर, मदरबोर्ड १२७ अंशांवर गेलाय. बदलावाच लागेल." पाणी १०० अंशांना उकळते, एवढे ज्ञान आमच्यापाशी होते. आम्ही हबकलो. त्या भरात कार्यालयातील बाईंनाही बोललो, की तुम्ही दुपारभर यंत्र चालू ठेवता, त्याचे हे फळ. त्या काही बोलल्या नाहीत.

खर्चाचा कागद अर्थसमितीपुढे ठेवण्याआधी आम्ही तो अभियांत्रिकी शिकणाऱ्या, आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाला दाखवला. त्याने विचारले, "फादर, त्या ओळीचं नाव काय होतं?" नाव होते 'ऑक्सटिन-२'. "म्हणजे बोर्डावरची कोणती जागा?" ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आम्ही विचारलेही नव्हते.

त्याने समजावले ते असे. मदरबोर्डावर एक देखरेखीची चिप असते. आमच्या यंत्रात ती नुवोटॉन कंपनीची आहे. तिला तापमानाची अनेक प्रवेशद्वारे असतात : सिस्टिन, सीपीयूटिन, ऑक्सटिन-०, ऑक्सटिन-१ वगैरे. ही नावे चिप बनवणाऱ्याची. कोणत्या द्वाराला कोणती तार जोडायची, की काहीच जोडायचे नाही, हे बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि तो ते बहुधा जाहीर करीत नाही. प्रोग्रॅम बिचारा द्वाराचे नाव आणि तेथे सापडलेला आकडा शेजारी शेजारी मांडतो. द्वार रिकामे असले तरी आकडा येतोच; कधी १२७, कधी उणे १२८. संगणकाच्या आठ बिटांत मावणाऱ्या चिन्हांकित संख्यांची ही दोन टोके होत. सेमिनरीत नाम आणि वस्तू यांच्या संबंधावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती; त्यांचा उपयोग येथे होईल असे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर, रात्रभर बंद असलेले यंत्र आम्ही दोघांनी सुरू केले. भिंतीवरचा तापमापक २८ अंश दाखवीत होता. सिस्टिन ३०, सीपीयूटिन ३१, ऑक्सटिन-० देखील ३१. आणि ऑक्सटिन-२ पहिल्या क्षणापासून १२७! रात्रभर थंड पडलेली वस्तू मिनिटभरात तेवढी तापणार कशी? मात्र खाली, प्रोसेसरच्या गाभ्यांच्या ओळींत, काहीही काम नसताना ५८ आकडा होता. हे मापक प्रोसेसरच्या आतच बसवलेले असतात. नुवोटॉनच्या चिपशी त्यांचा संबंध नाही. त्या ओळींकडे कोणीच पाहिले नव्हते.

मग त्याने प्राइम९५ हा प्रोग्रॅम चालवला. मोठमोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा हा उद्योग १९९६ मध्ये सुरू झाला; प्रोसेसरला घाम फोडण्यासाठीही तो वापरतात. (मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच मठवासी धर्मगुरू, हे आम्ही त्याला सांगितले. तेवढीच आमची भर!) गाभे अर्ध्या मिनिटात १०० अंशांवर गेले. तेथे हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि त्यापुढे तापला तर बंद पडतो. सीपीयूटिन सावकाश चढले, ते सॉकेटजवळचे. सिस्टिन जेमतेम हलले. ऑक्सटिन-० वर चढले होते. प्रोसेसरशेजारच्या धातूच्या पट्टीवर आम्ही हातपंख्याने वारा घातला, तसे ते उतरू लागले. म्हणजे ते वीजपुरवठ्याच्या भागाजवळचे. ऑक्सटिन-२ आपल्या १२७ वर निश्चल.

यंत्र बंद करून त्याने प्रोसेसरवरचा पंखा हलवून पाहिला. त्याच्या चार खुंट्यांपैकी एक निसटली होती आणि खालची पेस्ट वाळून कोळ झाली होती. नवी पेस्ट लावून चारही खुंट्या बसवल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतली; गाभे ७२ च्या वर गेले नाहीत. पेस्टच्या नळीखेरीज खर्च काही नाही.

प्रोग्रॅममध्ये ओळींची नावे बदलता येतात. आम्ही मराठीत लिहिली : 'सॉकेटजवळ', 'वीजपुरवठा'. १२७ ची ओळ लपवून टाकली. बाई दहा वाजता आल्या, तेव्हा त्यांना खुंटी दाखवली आणि चूक आमची होती हे सांगितले. त्या म्हणाल्या, "फादर, मी दुपारी यंत्र बंदच करून जात होते."

एक ओळ राहिली. ऑक्सटिन-३ वारा घालून, तापवून, काहीही केले तरी ३५ आणि ३६ यांच्यातच घुटमळते. तिच्यापुढे आम्ही 'ठाऊक नाही' असे लिहून ठेवले आहे.