परवान्याची मुदत आणि दिलेला शब्द

लेस्टर, रविवार

तीर्थस्वरूप सौ. ताईस,


तुझे पत्र पोचले. भाचीला इकडच्या विद्यापीठात येत्या सप्टेंबरपासून एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. परंतु ‘शिकून झाल्यावर दोन वर्षे नोकरी करू देतात, हे नक्की ना?’ या तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नसल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आधी पैशाचे सांगतो. लंडनबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, बाकी राहिलेल्या शुल्काखेरीज, दरमहा १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड सलग २८ दिवस खात्यात शिल्लक दाखवावे लागतात, आणि त्यात एका दिवसाची तूट आली तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणून दाजींनी ठेव मोडून रक्कम भरल्यावर त्या खात्याला कोणीही हात लावू नये, आणि रुपयाचा भाव घसरला तर कमी पडू नये इतकी जादा रक्कम त्यात राहू द्यावी.

आता तुझा प्रश्न. १ जुलै २०२१ पासून पदवीनंतर दोन वर्षे येथे काम करण्याची मुभा आहे खरी. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती १८ महिन्यांचीच मिळावयाची आहे, आणि भाचीचे वर्ष २०२७ च्या सप्टेंबरात संपत असल्याने तिच्या वाट्याला दोन वर्षे येणार नाहीत.

असे पूर्वीही घडले आहे. थेरेसा मे गृहमंत्री असताना, परदेशांतून येणाऱ्या माणसांची निव्वळ आवक वर्षाला लाखाच्या आत आणण्याच्या सरकारी निर्धारापायी, एप्रिल २०१२ मध्ये तेव्हाची अशीच मुभा जवळजवळ समूळ बंद झाली, आणि २०१०-११ मध्ये सुमारे ३९,००० असलेले भारतीय विद्यार्थी पुढील पाच-सहा वर्षांत निम्म्याहूनही कमी झाले. सांगलीकडचा एक मुलगा २०१० च्या सप्टेंबरात, वडिलांची द्राक्षबाग गहाण ठेवून, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आला होता. परत निघण्याच्या आदल्या रात्री त्याने मला आपली वही दाखविली: कर्जाच्या हप्त्यांचे रकाने त्याने येतानाच पेन्सिलीने आखून ठेवले होते, त्यांतले नोकरीच्या दोन वर्षांचे चोवीसही रकाने कोरे होते. त्याचा अपराध कोणता, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

आपल्या सरहद्दी राखण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेला आहे, हे मी नाकारीत नाही. नावापुरती महाविद्यालये काढून परवान्यांचा बाजार मांडणारे लोक येथे होते आणि त्यांचा बंदोबस्त होणे रास्तच होते. परंतु नवा नियम नव्या येणाऱ्यांना लागू करावा. ज्याने एका अटीवर घरदार गहाण टाकले, त्याच्यासाठी ती अट त्याचा अभ्यासक्रम संपेपर्यंत अबाधित राहावी, एवढेच न्यायाला धरून आहे.

तू कोल्हापुरात राहतेस, तेव्हा हे तुला सांगावयास नकोच, की १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपून डॉ. आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावे लागले, तेव्हा चार वर्षांच्या आत येऊन ते पुरे करण्याची परवानगी त्यांना लंडन विद्यापीठाने दिली. आणि १९२० साली, स्वतःच्या शिलकीत शाहू महाराजांच्या साहाय्याची भर घालून, ते पुन्हा गेले तेव्हा ती परवानगी कायम होती. दिलेला शब्द पाळला गेला, म्हणून ते शिक्षण पुरे झाले.

भाचीला अवश्य पाठवा. मात्र दाजींना सांग, की कर्जाचा हिशेब १८ महिन्यांच्या नोकरीवरही बेतू नये. पदवी हाती येताच परतावे लागले तरी जे फेडता येईल, तेवढेच कर्ज काढावे.

दाजींस नमस्कार, भाचीस आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ