मोहाखालची पहाट

मार्च-एप्रिलमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावांना गजराची गरज पडत नाही. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. वेचायला उशीर झाला की गुरं, हरणं ती फस्त करतात. कोका अभयारण्याजवळच्या एका गावातली मुलगी याच पहाटांमध्ये वाढली. माय टोपली उचलायची, मागोमाग ती. लवकर उठते म्हणून तिचं कौतुक कुणी केलं नाही. हंगामच तसा असायचा. त्या अंधारात भीतीही होती. मोहाखाली अस्वल येतं, वाघाचे हल्ले होतात, म्हणून एकट्यानं जायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

घरात आजोबांची पहाट निराळी होती. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळानं विदर्भातल्या गावोगावी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना रुजवली. आजोबा दोन्हींना जात. प्रार्थना आटोपली, जेवण झालं, की त्यांचा दिवस संपला. त्यांच्या लवकर उठण्याचं सगळं बळ या लवकर झोपण्यात होतं, आणि नेमका तोच भाग पुढच्या पिढ्यांनी सोडून दिला.

बारावीनंतर तिनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. त्यासाठी आजही जिल्ह्यातल्या डांबरी रस्त्यांवर उजाडण्याआधी पोरं-पोरी पळताना दिसतात. भरती झाली नाही, पण धावण्याची सवय राहिली.

ती सवय मोडली पुण्यात. नोकरीत रात्री उशिरापर्यंत काम, त्यावर पाचचा गजर. भंडारा पुण्याच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे आणि दर अंशाला सूर्योदय चार मिनिटांनी सरकतो. त्यामुळे मे महिन्यात भंडाऱ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा पुण्यात सूर्योदयाला आणखी जवळपास अर्धा तास असतो. घड्याळात पाचच वाजलेले, पण शरीराला ती पाचची वेळ ओळखीची वाटेना. शरीरातलं घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानं लागतं: सकाळचा प्रकाश झोपेची वेळ अलीकडे आणतो, रात्रीचा पुढे ढकलतो. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता ती भंडाऱ्यात परतली आहे आणि लवकर उठण्याचा प्रयोग नव्यानं करते आहे, या वेळी सुरुवात रात्रीपासून. साडेनऊला दिवे मंद, फोन दुसऱ्या खोलीत. उठल्यावर आधी अंगणात, उजेडात. जानेवारीत सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, तेव्हा ती उठण्याची वेळही खुशाल पुढे नेते.

तिचा मुलगा नववीत आहे. त्याला मात्र ती पहाटे उठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते. लहानग्यांचा विचार सरकारनं केला: २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. मोठ्या मुलांसाठीही तो व्हायला हवा. तोवर आईवडिलांनी एवढं करावं: मुलाला पहाटे अभ्यासाला उठवायचं असेल, तर आदल्या रात्री नऊला घरातला टीव्ही आधी स्वतः बंद करावा.