झिरझिरीत पडद्याचा अंमल

खिडकीस पडदा लावणे हा वरकरणी गृहशोभेचा विषय असला, तरी वस्तुतः तो बंदोबस्ताचा विषय आहे. उजेडास किती मुभा द्यावी, वाऱ्यास कोणत्या वाटेने आत घ्यावे आणि समोरच्या गच्चीवरील नजरेस कोठे मज्जाव करावा, या तिन्ही अर्जांचा निकाल एका कापडाने लावावा अशी आपली अपेक्षा असते. जाड पडदा हा निकाल फार सोप्या रीतीने देतो: तो तिन्ही अर्ज फेटाळून लावतो. झिरझिरीत पडद्यास मात्र प्रत्येक अर्जाचा वेगळा विचार करावा लागतो, आणि म्हणूनच त्याची निवड करताना मंगळदास मार्केटातील गादीवर बसून नुसता ताग्याचा पोत पाहणे पुरेसे नसते. आपली खिडकी कोणत्या दिशेस उघडते आणि तिच्यासमोर कोण राहते, हे मनात घेऊनच तेथे जावे लागते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांना ही विवंचना फारशी नव्हती, कारण ते आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेले असत आणि रस्त्याच्या वाट्यास बहुधा जाड भिंतच येई. मुंबईच्या चाळीत घराची खिडकी सार्वजनिक गॅलरीकडे उघडू लागली, तेव्हा तिच्या खालच्या अर्ध्या भागास तारेवर ओवलेला पडदा आला. तो बहुधा विटलेल्या वॉयलच्या पातळातून निघालेला असे, आणि वरचा अर्धा भाग वाऱ्यासाठी मोकळाच राही. गृहव्यवस्थेतील इतकी समंजस तडजोड मला आजच्या भिंतभर तावदानांत क्वचितच आढळते.

या पडद्याची किमया कापडात थोडी आणि उजेडाच्या तफावतीत फार आहे. दिवसा बाहेरचे ऊन खोलीतील प्रकाशाहून कितीतरी पटींनी प्रखर असते. ते धाग्यांवरून परावर्तित होते, त्यामुळे रस्त्यावरील माणसास खिडकीत केवळ एक उजळ पृष्ठ दिसते आणि त्यामागील मंद खोलीचा मागमूस लागत नाही. आत बसलेल्यास मात्र त्याच धाग्यांच्या फटींतून अवघी गल्ली न्याहाळता येते. जयपुरात सवाई प्रतापसिंहाने 1799 साली हवामहाल उभारला, त्याच्या जाळ्यांआडून राजस्त्रिया बाजारपेठेतील मिरवणुका पाहत, तोही याच नियमाच्या आधारावर. आणि व्हरांड्यात सोडलेली बांबूच्या काड्यांची चिक दुपारभर हेच काम विनातक्रार करीत असते. परंतु दिवेलागण होताच ही सत्ता उलटते. आता उजेड आत आणि अंधार बाहेर, त्यामुळे जो पडदा दिवसभर इमानी पहारेकरी होता, तोच आपले जेवणखाण रस्त्यास दाखवू लागतो. यावर मागे एक जाड पडदा दुसऱ्या सळईवर ठेवणे एवढाच उपाय आहे. कोणी विक्रेता एकाच तलम कापडात रात्रीचीही हमी देऊ लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. रंगाविषयीही येथेच सांगावेसे वाटते की, शुभ्र धागा उन्हात स्वतःच उजळतो आणि बाहेरच्या दृश्यावर दुधाची साय धरल्यासारखे करतो. झाडे पाहावयाची असतील तर करडा किंवा मातकट रंग अधिक प्रामाणिक ठरतो.

आता कापडांकडे वळावे. मलमलीचे नाव निघताच ढाक्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मेघनेच्या काठच्या ‘फुटी’ कापसाचे सूत हवेत ओलावा असताना, सकाळी अथवा सायंकाळी, कातले जाई, कारण कोरड्या हवेत तो तंतू तुटे, आणि त्या वस्त्रांना ‘आब-ए-रवाँ’, ‘शबनम’ अशी नावे मिळत. आजची मलमल ही तिची केवळ नामधारी वारस आहे; तरीही वाऱ्याच्या झुळकीस ती ज्या तत्परतेने प्रतिसाद देते, तिच्यामुळे माझे मत नेहमी तिच्याच बाजूने पडते. वॉयलच्या सुतास पीळ अधिक असतो, त्यामुळे ते अंगाने मोकळे, किंचित खरखरीत आणि पडण्यास डौलदार असते. ऑर्गंडीस गंधकाम्लाच्या संस्काराने कायमचा ताठरपणा येतो. ती चुणी धरते आणि सोडत नाही, म्हणून दिवाणखान्यात तिचा रुबाब कितीही असला, तरी रोज सरकवावयाच्या पडद्यास ती माझ्या मते निरुपयोगी आहे. जाळीचे कापड यंत्रावर विणण्याची युक्ती हीथकोट या इंग्रज कारागिराने 1808–09 च्या सुमारास साधली, आणि पुढे नॉटिंगहॅमच्या जाळीदार पडद्यांनी सामान्य इंग्रज घरांच्या खिडक्या व्यापल्या. 1941 साली विनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीनचा शोध लावला. त्या कुळातील पॉलिएस्टर आटत नाही, लवकर वाळते आणि काचेआडचे ऊन पुष्कळ सोसते. रेशमास आणि नायलॉनला ते ऊन हळूहळू जीर्ण करते. कोकणकिनाऱ्यावर, पश्चिमेच्या खिडकीस, भर पावसाळ्यात सुती पडद्यास बुरशी धरलेली ज्याने पाहिली आहे, त्याने पॉलिएस्टरला नाके मुरडण्याचे कारण नाही.

कापडाइतकेच महत्त्व चुण्यांस आहे. औरंगजेबाने आपली कन्या झेबुन्निसा हिला तिच्या पारदर्शक वस्त्रांवरून बोल लावला, तेव्हा आपण सात पदर नेसलो आहोत असे तिने उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पडदे शिवणाऱ्यास तीत अचूक हिशेब सापडतो. तलम कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट घेतले, तरच पदरावर पदर पडून आडोसा होतो. पन्ह्यात कंजुषी केल्यास महागातले महाग वस्त्रही वाळत घातलेल्या धोतरासारखे लटकते. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे, आणि खालची दुमड रुंद ठेवून पहिल्या धुण्यापर्यंत कच्च्या टाक्यावरच राहू द्यावी. शिंप्यास हे पटत नाही, पण त्याच्याकडून लेखी घ्यावे इतके ते आवश्यक आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीस मात्र, तिच्याखाली शेगडी असेल तर, यांपैकी काहीच लावू नये. मलमल ज्वाळेस क्षणात वश होते आणि पॉलिएस्टर वितळून चिकटते, म्हणून तेथे दुधी काच बसवावी आणि उरलेल्या पैशांत बैठकीच्या पडद्यास आणखी दोन वार कापड घ्यावे.