फक्त महिलांसाठी

खुबा मोडला, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. सत्तरी उलटलेला माणूस एका पायावर उभा राहून पँट घालत होता, तोल गेला, पडला. ऑपरेशन झालं, खुब्यातला गोळा बदलला, वॉकर आला, मग काठी. ऑपरेशन करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, काम चोख केलं. डोकं फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींनी.

महिला दिनानिमित्त आमच्या इथल्या मंगल कार्यालयात हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर होतं. हिला स्कूटरवर मीच घेऊन गेलो. टेबलाखाली पाऊल मावेल एवढं यंत्र. टाचेला गार जेल लावायचं, पाय आत ठेवायचा, थोड्या वेळात चिठ्ठी बाहेर. मागच्या बॅनरवर कमरेत वाकलेल्या म्हातारीचं चित्र. हिचं झालं, खुर्ची रिकामी दिसली, म्हणून मी चप्पल काढली. वहीत नावं लिहिणारी मुलगी म्हणाली, "काका, हे फक्त महिलांसाठी आहे."

मी म्हटलं, "का गं, आम्हाला हाडं नसतात?"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसलो. चप्पल घातली आणि हिची पर्स सांभाळत बाहेर बसलो. त्या पोरीचा काय दोष? तिला सांगितलं तेवढं ती करत होती. पण हिची हाडं ठणठणीत निघाली, तरी कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडल्या. ज्याची तपासायला हवी होती तो बाहेर पर्स घेऊन बसलेला!

आणि लक्षणं काय लपलेली होती? दम्यासाठी दर हिवाळ्यात मी पांढऱ्या बारीक गोळ्या घेत आलो, त्या स्टेरॉइडच्या. वर्षानुवर्षं घेतल्या की हाडं पोखरतात. पाठ दुखायची, तर पट्टा बांध, वात आहे, म्हणून सगळे मोकळे. आमच्या शिंप्याच्या मात्र ते ध्यानात आलं होतं. जुन्या मापावर शिवलेला नवा झब्बा गुडघ्याखाली यायला लागला, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "काका, माप तेच, कात्री तीच, मग लांब कसा होतोय?" झब्बा नव्हता वाढला. मणके दबून मीच चार-पाच सेंटिमीटर खाली आलो होतो. एवढी उंची घटली तर मणक्याचा एक्स-रे काढून बघायला हवा, हे मला फार उशिरा कळलं.

आता नंतरची गोष्ट. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. सपाट रस्त्यावर गाडीचा पाटा तुटला, तर नवा टाकून गाडी लगेच मार्गावर सोडत नसू. तुटला का, हे आधी बघायचो. माझ्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे, मांडी घालून बसायचं नाही, कमोड वापरायचा, सगळं लिहिलं होतं. उभ्या उंचीवरून पडून खुबा का मोडला, याबद्दल एक ओळ नाही. काही महिन्यांनी व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलाने सहज विचारलं, "डेक्सा केलीय का?" तेव्हा मोठ्या मशीनवर तपासणी झाली. आकडा आला उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली, तीही बायकांची हाडं समोर ठेवून.

बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्याने झिजतात हे खरंच. आमची हळूहळू झिजतात, मोडायला सहसा उशीर लागतो. पण खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. हे कुठल्या बॅनरवर कुणी लिहिलंय? वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड नावाचं औषध आहे. खुबा मोडून ऑपरेशन झाल्यावर ९० दिवसांच्या आत ते सुरू केलेल्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत दिसलं होतं. त्यात पुरुषही होते. माझे ९० दिवस टाके, वॉकर आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा यात गेले. पुढे औषध मिळालं, पहिल्या खेपेला सणकून ताप आला, तोही उतरला.

खरं सांगायचं तर त्या शिबिरातलं टाचेचं यंत्र म्हणजे निव्वळ अंदाज. त्यावरून औषध ठरत नाही. त्या दिवशी पाय आत घालू दिला असता, तर मलाही कॅल्शियमची बाटली देऊन घरी पाठवलं असतं आणि मी निश्चिंत झालो असतो. म्हणजे एका परीने बरंच झालं म्हणायचं. पण म्हणवत नाही.

नाचणी खा, उन्हात बसा, बाथरूममध्ये दांडी लावा, पँट बसून घाला, हे सगळं मी आता येईल त्याला ऐकवतो. ही म्हणते, "अहो, पाहुण्यांना आधी पाणी तरी पिऊ द्या." माझ्या धाकट्या भावालाही दमा आहे, त्याच्याही खिशात त्याच पांढऱ्या गोळ्या. परवा टेप घेऊन त्याच्याकडे गेलो. भिंतीला पाठ लावून उभा राहा म्हटलं, तर म्हणाला, "दादा, हे बायकांचं दुखणं. मला कशाला?" भावजय मात्र लगेच येऊन उभी राहिली.