पानं समोरासमोर

मी कॉन्व्हेंटची, म्हणून हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी माझं वर्गीकरण झालं: 'इंग्रजाळलेली'. मी तोंड उघडायच्या आधीच! त्यामुळे असेल, पण मेटासेक्वोयाची गोष्ट मला जवळची वाटते.

या झाडाचे जीवाश्म वर्षानुवर्षं सेक्वोया नाहीतर टॅक्सोडियम म्हणून खपत होते. जपानच्या शिगेरू मिकींनी ते नीट न्याहाळले. त्या दोघांची पानं एकाआड एक, ह्याची समोरासमोर. शंकूचे खवलेही तसेच. बस्स, एवढ्यावरून १९४१ साली त्यांनी वेगळा जीनस मांडला. तोही नामशेष समजून!

आणि इकडे चीनमधल्या मोदाओशी गावात हे झाड चक्क जिवंत उभं होतं. गावकरी त्याला 'शुइशा' म्हणत, बुंध्याशी छोटंसं देऊळही होतं. १९४६ मध्ये हू श्यानशूंनी त्याचे नमुने मिकींच्या वर्णनाशी ताडून पाहिले आणि १९४८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, ॲक्सेल हायबर्ग बेटावर, ह्याचे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे आहेत. दगड न झालेले; करवतीनं कापता येतात म्हणे! पुढे टॅक्सोडिएसी हे कुळच मोडीत निघालं आणि ह्याची रवानगी क्युप्रेसेसीत झाली. आमच्या रूम अलॉटमेंटसारखीच, झाडाला न विचारता.